तुरटी फिरवलेली बरणी

मला ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते तो असा: पाण्यात मोकळे सोडलेले, डोळ्यांना न दिसणारे पातळ पापुद्रे, त्यांना कोणीही रांग लावून दिलेली नसताना, एकमेकांना समांतर कसे होतात? आणि ते केव्हा होत नाहीत?

प्रश्नाचा दुसरा भाग मला बराच नंतर सुचला. सारे आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेल्यामुळे क्रम सोडून सांगणे मला जमत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

गेल्या श्रावणात आमची मुलगी आठवडाभराच्या सुट्टीवर नाशिकला घरी आली. दूरच्या शहरातल्या एका संस्थेत ती पीएच.डी.चे संशोधन करते. रिक्षातून सामान उतरवताना मी पाहिले, तिने वसतिगृहातली उशी बरोबर आणली होती. सुट्टीवर येणारे माणूस उशी आणत नाही. मी ती उशी उन्हात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला तिनेच सांगितले. "मी सोडतेय. इथल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला बोलावलंय. सोमवारपर्यंत कळवायचंय."

माझ्या यजमानांचा आनंद लपेना. त्यांची नोकरी रेल्वेत, सारी मनमाडला झाली. आम्ही निवृत्तीनंतर नाशिकला आलो, आणि मुलगी जवळ नाही ही त्यांची एकुलती एक तक्रार होती.

"मग तर बरंच झालं. दुपारचा डबा मी आणून देईन क्लासला."

"बाबा, मी तिथे शिकवणार आहे, शिकणार नाही."

"शिकवणाऱ्याला भूक लागत नाय का? तुझ्या आईला विचार. चौथ्या तासाला फळ्याकडं तोंड करून शेंगदाणे खायची."

"अहो, ते एकदाच."

"एकदाच पकडलं मुलांनी."

मुलगी हसली, पण तिचे डोळे कपातच होते. मी तिला थांब म्हणणार नव्हते, आणि जा असेही म्हणणार नव्हते. जिच्यासाठी निर्णय घ्यायचा ती तिचीच वर्षे होती. मी एवढेच म्हटले, "तू जे सोडते आहेस ते नक्की काय आहे, हे मला कधी समजलेलं नाही. सोडायच्या आधी एकदा दाखव."

तिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून बोटभर उंचीची काचेची कुपी काढली. आत कोऱ्या चहासारखे तपकिरी पाणी होते.

"हे ग्राफीन ऑक्साइड. पेन्सिलीतलं शिसं असतं ना, ग्राफाइट, त्याचे थर रासायनिक पद्धतीने सुटे केले की असे पापुद्रे मिळतात. एकेक पापुद्रा साधारण एका अणूइतक्या जाडीचा. लांबीरुंदी मात्र जाडीच्या हजारपट."

पुढची कृती मी नीट सांगते, कारण ती महत्त्वाची आहे. तिने लॅपटॉपच्या पडद्यावर कोरे पांढरे पान उघडले. अशा पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने एकाच दिशेत होतात. शाळेत असताना मी बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची करडी फिल्म सोलून जपून ठेवत असे. तीही प्रकाशाची तशीच गाळणी, एकाच दिशेची कंपने आरपार सोडणारी. ती फिल्म डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवली की एका ठरावीक स्थितीत पांढरा पडदा काळा होतो. हा प्रयोग मी वर्गात पुष्कळदा केला आहे. काळ्या झालेल्या पडद्यापुढे काही उजळलेच, तर मधल्या वस्तूने प्रकाशाच्या कंपनांची दिशा बदलली असे समजावे. साधे पाणी ती बदलत नाही.

तशीच एक फिल्म कपाटातून काढून मी फिरवली आणि पडदा काळा झाला. मुलीने कुपी मध्ये धरली आणि मनगटाला हलका झोका दिला.

कुपीत पैठणीचा पदर उलगडावा तसे झाले. काळोखात उजळ पट्टे उमटले, एकमेकांना चिकटून वळले, एका कडेला निमुळते झाले, आणि पुन्हा रुंदावले. ते रंगद्रव्य नव्हते, बुडबुडेही नव्हते. फिल्म बाजूला केली की पुन्हा तपकिरी पाणी. फिल्म आणली की रेशीम.

मी स्टुलावर बसले. चष्मा पुसला. पुन्हा पाहिले.

"हे पट्टे म्हणजे दिशा आहेत, आई. जिथे उजळ आहे तिथले पापुद्रे एका दिशेला वळलेत. द्रवासारखं वाहतं, पण आतून स्फटिकासारखं लावलेलं. म्हणून द्रवस्फटिक."

"लावलं कोणी?"

"कोणीच नाही."

हेच मला पटेना. मी चाळीस मुलांची रांग लावली आहे. 'हात पुढे' असे ओरडल्याशिवाय ती कधी सरळ झालेली नाही.

कुपीतल्या थेंबभर द्रवाशी खेळणे मला धोक्याचे वाटले, म्हणून मी विचारले की हेच दुसऱ्या कशाने दाखवता येईल का. ती म्हणाली, "मातीने. पण साध्या नाही, बेंटोनाइटने. तीसुद्धा अशाच पापुद्र्यांची असते." बेंटोनाइट नाशिकमध्ये मिळवायला फार शोधावे लागत नाही. इथल्या वायनरीत वाइन नितळ करण्यासाठी ते वापरतात आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी अशा ठिकाणी काम करते. तिने संध्याकाळी वाटीभर करडी पूड आणून दिली, आणि विचारले, "बाई, निवृत्तीनंतर वाइन काढताय का?"

"चिखल काढतीये," हे आतून म्हणाले.

पाणी मुलीने निवडून घेतले. नळाचे नको, फिल्टरचे नको; इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर तिने दुकानातून कॅनभर आणले. पाण्यात क्षार असले तर प्रयोग बिघडतो, असे ती जाता जाता म्हणाली. मी ते ऐकले, आणि जाता जाता सांगितलेल्या गोष्टीचे होते तेच त्याचे झाले.

मुरंब्याच्या काचेच्या बरणीत पाणी घेऊन मी पूड चिमटीचिमटीने भुरभुरली आणि ढवळत राहिले. रात्रभर ठेवल्यावर जड कण तळाशी बसले. वरचे दुधी पाणी दुसऱ्या बरणीत ओतून घेतले. ती बरणी काळ्या पडद्यापुढे धरली आणि चमच्याच्या दांड्याने पाणी हलकेच फिरवले.

उजेड चमच्यामागून धावला. कुपीतल्यापेक्षा फिका, किंचित पिवळसर, पण तोच. माझ्या ओट्यावर, मुरंब्याच्या बरणीत, मुठीएवढ्या मातीत असंख्य पापुद्रे चमच्याच्या वाटेने वळत होते. चमचा थांबला तरी काही पट्टे विझले नाहीत. हे खूप दिवसांपासून असेच होते, जगातल्या कितीतरी चिखलांत होते, आणि मी चिखल ओलांडताना साडी वर धरून चालत आले होते.

त्या दुपारी मुलीने कारण समजावले. प्रत्येक पापुद्र्यावर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि सुटे राहतात. पाण्यात थोडेच असले तर ते कसेही गिरक्या घेतात. संख्या वाढली की गिरकीला जागा उरत नाही.

तेवढ्यात मला ड्रॉइंगच्या परीक्षा आठवल्या. प्रत्येक मुलाच्या हातात मोठा लाकडी ड्रॉइंग बोर्ड. सकाळी लवकर येणारी दोनचार मुले बोर्ड कसाही धरून व्हरांड्यातून जातात, कोणी डोक्यावर, कोणी आडवा. गर्दी झाली की बोर्ड बोर्डावर आपटतात, आणि मग कोणीही न सांगता सगळे बोर्ड भिंतीला समांतर होतात. दिशेचे स्वातंत्र्य प्रत्येक जण सोडतो. त्याबदल्यात पुढे सरकायला जागा मिळते. मी हे वर्षानुवर्षे पाहिले होते आणि त्याला शिस्त समजत होते.

"हेच," मुलगी म्हणाली. "अगदी हेच. फक्त आमचे बोर्ड इतके पातळ आणि रुंद असतात की चिमूटभर टाकले तरी व्हरांडा भरतो."

मग तिने आपली अडचण सांगितली. तिला या द्रवापासून फिल्म बनवायची होती. काचेवर द्रव ओतायचा, त्यावरून सरळ पाते ओढायचे, म्हणजे ओढीच्या दिशेने सगळे पापुद्रे लागतात. मग तो थर न हलवता वाळवायचा. पापुद्रे साऱ्या फिल्मभर एकसारखे लागले, तर त्यांच्यामधल्या फटीही एकसारख्या होतात, आणि त्यांतून पाणी गाळता येण्याची शक्यता असते.

"याने मनमाडला पाणी येईल का?" यांनी विचारले.

"येणार नाही, बाबा. आलेलं गाळता येईल. कदाचित."

"मग ते तुरटीनं पण होतं."

तिने मोबाइलवर फोटो दाखवले. प्रत्येक फिल्म मधोमध एकसारखी उजळ, आणि कडेला डागाळलेली. डागात प्रत्येक तुकडा वेगळ्या दिशेचा. दोन तुकड्यांच्या सीमेवर वाळताना भेग जाते आणि ती भेग फिल्मच्या मधोमध धावते. "कडा आधी वाळतात म्हणून असं होतं, असं सगळे म्हणतात. मी हळू वाळवून पाहिलं, ओलसर हवेत वाळवून पाहिलं, पातं बदललं. दरवेळी भेग. एक अखंड फिल्म हातात आल्याशिवाय माझा प्रबंध पुढे सरकत नाही, आणि ती येत नाही." तिने मोबाइल पालथा ठेवला. "त्यापेक्षा मुलांना घर्षण शिकवणं बरं."

मी उठून चहाचे आधण ठेवले.

रविवार उजाडला. आता इथे आमच्या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. मनमाडला नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येई. आले की हंडे, पिंपे, बादल्या, प्रसंगी पातेलीसुद्धा भरून ठेवायची आणि सगळ्यांत तुरटी फिरवायची, हे त्या गावातल्या प्रत्येक घराचे काम. नाशिकला नळ रोज येतो, स्वयंपाकघरात फिल्टर आहे, तरी आमच्याकडे पावसाळ्यात हे काम सुटलेले नाही. गोदावरीला पूर आला की नळाचे पाणी गढूळते, आणि हे दोऱ्याला बांधलेला तुरटीचा खडा खिळ्यावरून काढतात. घरात उघडे, गढूळ पाणी दिसले आणि त्यांनी त्यात तुरटी फिरवली नाही, असे आमच्या संसारात झालेले नाही.

त्या दिवशी दुपारी मुलगी आणि मी जरा पडलो होतो. उठून स्वयंपाकघरात आले तो ओट्यावर हंडा झाकलेला, त्याच्याशेजारी माझी बरणी, आणि बरणीवर स्वच्छ धुतलेली बशी झाकण म्हणून. बरणीच्या वरच्या निम्म्या भागात पाणी इतके नितळ की पलीकडच्या डब्यावरची अक्षरे वाचता येत होती. खालच्या निम्म्यात मऊ, करडा गाळ.

"अहो! ही बरणी..."

"केली की साफ. लय गढूळ होतं ते. दोनदा फिरवावी लागली."

"अहो, तो प्रयोग होता!"

"मग झाला ना?"

आवाज ऐकून मुलगी आली. तिने बरणीकडे पाहिले, बाबांच्या हातातल्या दोऱ्याकडे पाहिले, आणि आल्यापासून प्रथमच मोठ्याने हसली. "बाबा, ही माती वाइन नितळ करायला वापरतात. तुम्ही तिलाच नितळ केलंत."

"मनमाडचा माणूस आहे," ते म्हणाले, पण चेहरा पडला होता. "बिघडलं का गं फार?"

"नाही हो. पुन्हा करू."

हसत हसतच तिने ती बरणी पडद्यापुढे धरली आणि ढवळली. गाळ उठला, घोळके घोळक्यांवर आदळत फिरले. उजेडाचे पट्टे आले नाहीत. रेशीम नव्हते. पिठाच्या गुठळ्या पाण्यात फिरतात तेवढेच होते.

ती पाहत राहिली. मग ढवळायची थांबली.

"आई, तुरटीत काय असतं?"

"तुरटीत तुरटी असते," हे म्हणाले.

मी वर्गात सांगावे तसे सांगितले. "पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचे सल्फेट. ॲल्युमिनियमचा आयन तीन धन भारांचा असतो. मातीच्या कणांवरचा ऋण भार तो शमवतो. मग कण एकमेकांना ढकलत नाहीत, चिकटतात, जड होतात आणि बसतात."

"म्हणजे सुटे राहिले नाहीत तर वळू शकत नाहीत."

"हो. दोन बोर्ड एकमेकांना खिळले तर..."

वाक्य पुरे होण्याआधीच ती मोबाइल आणायला गेली होती. फोटो मोठा करून तिने माझ्यापुढे धरला. तिचे बोट डागांवर नव्हते. ते डागांच्या बाहेर, काचेच्या कडेला होते. तिथे चारी बाजूंनी चकचकीत पट्ट्या ठेवलेल्या दिसत होत्या. ओतलेला द्रव बाहेर वाहू नये म्हणून घातलेला बांध.

"या कशाच्या आहेत?" मी विचारले, जरी मला दिसत होते.

"ॲल्युमिनियमच्या." ती खाली बसली. "माझा द्रव किंचित आम्लयुक्त असतो, त्यात ॲल्युमिनियम थोडं थोडं विरघळतं. आणि मी हळू वाळवायला लागले म्हणजे तो रात्रभर या पट्ट्यांना टेकून राहणार. जितकं हळू, तितके डाग जास्त. मला वाटायचं माझा हात चुकतोय."

यांनी तुरटीचा खडा खिळ्यावर टांगला आणि हलक्या आवाजात विचारले, "म्हणजे मी बिघडवलं का सुधारवलं?"

"माहीत नाही, बाबा. पाहायला लागेल."

हे उत्तर ऐकून मला जो आनंद झाला तो मी त्या वेळी कोणाला सांगितला नाही. सारे आयुष्य मी मुलांकडून हेच एक वाक्य काढू पाहत होते.

पण तिच्या अंदाजावर मी तेव्हा विश्वास ठेवला नाही, हेही लिहिले पाहिजे. तुरटीत ॲल्युमिनियमचे आयन भरपूर असतात. पट्टीतून द्रवात कितीसे उतरत असतील? माती आणि ग्राफीन ऑक्साइड या दोन वेगळ्या वस्तू. एका बरणीवरून दुसरीबद्दल अनुमान काढता येते, निष्कर्ष काढता येत नाही. मी तसे तिला म्हटले. ती म्हणाली, "म्हणूनच तर."

सोमवारी सकाळी तिने क्लासला फोन केला. मी पोळ्या लाटत होते. "नाही सर. जॉइन करता येणार नाही. माझं एक काम अर्धवट आहे." पलीकडून बरेच काही बोलले गेले. ती फक्त "हो सर, समजतंय" म्हणत होती. यांनी पेपर वर धरला होता, पण पान उलटत नव्हते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "मी डबा शोधून ठेवला होता. तीन खणांचा."

"तो मी घेऊन जाते, बाबा."

बसस्टँडवर जाताना तिने उशीही घेतली.

पुढचे मी फोनवर पाहिले. तिने दोन काचा केल्या होत्या: एकीला जुनेच ॲल्युमिनियमचे बांध, दुसरीला काचेच्याच पट्ट्यांचे. द्रव एकाच बाटलीतला, पाते एकच, वाळवण्याची जागाही एक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी तिला सातवीत शिकवले होते. ती ते विसरली नव्हती. पहिल्या काचेवरची फिल्म कडेपासून डागाळली आणि भेगाळली. दुसरी तिने दोन पोलरायझरांच्या, म्हणजे तशाच दोन गाळण्यांच्या, मध्ये धरली आणि फिरवायला सुरुवात केली.

सगळी फिल्म एकदम मालवली. तिने आणखी फिरवली. सगळी फिल्म एकदम उजळली. कडेपासून कडेपर्यंत, मोजता येणार नाहीत इतके पापुद्रे, आणि एकच दिशा. तळहाताएवढ्या त्या तुकड्यात जणू कोणी एकाच वेळी सारे दिवे लावत आणि घालवत होते. यांनी माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून पाहिले. म्हणाले, "पुन्हा फिरव." तिने पुन्हा फिरवली.

उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढा डाग तसाच होता. तिथे ॲल्युमिनियम नव्हते. तो का आला हे तिला अजून कळलेले नाही. त्यावर ती सध्या काम करते आहे.

माझ्या प्रश्नाचे मला मिळालेले उत्तर असे: पापुद्रे सुटे असले आणि पुरेशी दाटी असली, तर समांतर होण्यातच प्रत्येकाला जास्त जागा मिळते, म्हणून ते तसे होतात, वाहते पाणी किंवा ओढलेले पाते त्यांची दिशा ठरवते. ते एकमेकांना चिकटले, की होत नाहीत.

हे माझ्या शब्दावर मानू नका. बेंटोनाइटची बारीक पूड, बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर आणि काचेची बरणी घ्या. प्लास्टिकची घेऊ नका, प्लास्टिक स्वतःच अशा प्रकाशात रंग दाखवते आणि फसवते. पूड थोडी थोडी घालून ढवळा, एक रात्र ठेवा, वरचे दुधी पाणी ओतून घ्या. लॅपटॉपचा पांढरा पडदा मागे ठेवा, पुढे जुन्या कॅल्क्युलेटरची फिल्म किंवा पोलराइज्ड गॉगलची काच पडदा काळा होईपर्यंत फिरवा, आणि मग पाणी ढवळून पाहा. पाहून झाल्यावर त्यातच तुरटी फिरवा, आणि पुन्हा पाहा. मी सांगितले त्यापेक्षा वेगळे दिसले, तर कृपया मला कळवा.